स्लाइडच्या शीर्षकात विषय नको, निष्कर्ष लिहा

संशोधन मांडताना स्लाइड कशा कराव्यात, यासाठी 'एका स्लाइडवर सहाच ओळी, एका ओळीत सहाच शब्द' असा एक नियम सांगतात; मला तो अर्धाच पटला. मजकूर कमी होतो हे खरं, पण उरतात ते तुटक शब्द, आणि त्यातून श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा शीर्षकाची जागा नीट वापरा. 'तापमानाचा परिणाम' असं न लिहिता '50 अंशांच्या वर हे एन्झाइम झपाट्याने निकामी होतं' असं अख्खं वाक्य लिहा आणि खाली पुरावा म्हणून एकच आलेख ठेवा. वैज्ञानिक सादरीकरणावर लिहिणारे मायकेल ॲली यांनी ही पद्धत सविस्तर मांडली आहे.

आता आलेखाबद्दल थोडं. माझ्या पहिल्या परिषदेत मी शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवला होता. अक्षांवरचे आकडे तिसऱ्या रांगेतूनही वाचता येईनात. त्यातच एका श्रोत्याने विचारलं, "यातली तुमची रेघ कोणती?" त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नव्हता! युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण 8 टक्के आहे. तेव्हापासून मी निळा आणि नारिंगी रंगच घेते, आणि प्रत्येक रेघेचं नाव कोपऱ्यातल्या चौकटीत न देता तिच्या टोकाशीच लिहिते.