होमब्रू (घरी रचलेला) स्पेल (मंत्र) ‘काचघुमट’: तिसऱ्या लेव्हलला चालेल का?

विसाचा_फासा:
डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा कल्पनाखेळ, २०१४ चे नियम. आमच्या विझार्डसाठी (जादूगार पात्रासाठी) हा स्पेल लिहिलाय. लेव्हल ३, एक ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती), कॉन्सन्ट्रेशन (टाकणाऱ्याचं लक्ष तुटलं की स्पेल संपतो), १ मिनिट. स्वतःभोवती १० फूट त्रिज्येचा, जागचा न हलणारा पारदर्शक घुमट. एसी (घाव लागायला फाशावर गाठायचा आकडा) १०, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ४०. फुटेपर्यंत बाहेरून शस्त्र किंवा स्पेल आत येत नाही, आतून मात्र दोन्ही बाहेर जातात. वॉल ऑफ फोर्स (अभेद्य भिंतीचा स्पेल) पाचव्या लेव्हलचा, तो मोडायला डिसइंटिग्रेट हा स्पेलच लागतो. हा साध्या माराने फुटतो, म्हणून दोन लेव्हल खाली. हिशोब सरळ आहे.

आखूडबाण:
सरळ कसला! वॉल ऑफ फोर्स दोन्ही बाजूंना अडवतो. शत्रू अडला तसे आपणही अडलो, म्हणून भिंत कुठे घालायची याला डोकं लागतं. इथे काय, आत बसा आणि बाण सोडा. शिवाय कॉन्सन्ट्रेशन तोडायचं तर विझार्डला मार बसायला हवा, आणि तो घुमटाच्या आत! स्पेलची एकमेव दुखरी नस स्पेलच झाकतोय.

चेटकीण_लेव्हल५:
टायनी हट या घुमटाच्या स्पेलमधूनही बाण बाहेर जातात की. तोही तिसऱ्याच लेव्हलचा.

आखूडबाण:
तो टाकायला १ मिनिट लागतं, म्हणजे १० राउंड (लढाईतल्या फेऱ्या). भर लढाईत कोण थांबणार? आणि हटच्या आरपार स्पेल जात नाहीत.

कंटाळलेला_डीएम:
माझा आक्षेप ४० वर. ओगर या राक्षसाच्या सोट्याचा घाव सरासरी १३. तीन बसले तरी ३९, घुमट उभाच! फायरबॉल या आगीच्या स्पेलची सरासरी २८, तोही एकटा पुरत नाही. दोन ओगर दोन राउंड काच फोडत बसणार आणि आतून पार्टीतले चौघे त्यांना सोलणार. २५ ठेवा. फुटताना उरलेलं डॅमेज आत जातं की नाही, हेही लिहा, नाहीतर दर वेळी तोच वाद.

विसाचा_फासा:
उरलेलं आत जात नाही. पण २५ ला पहिल्याच राउंडला फुटणार असेल तर स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) कशाला जाळायचा? पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. ओगरचे हिट पॉइंट ५९. सेव्ह (बचावाचा फासा) हुकला तर फायरबॉल दोघांचेही जवळजवळ निम्मे उडवतो. मग घुमट कोण घेणार?

आखूडबाण:
मग ४० राहू द्या, पण घुमटाला घाव बसला की विझार्डने कॉन्सन्ट्रेशन सेव्ह टाकायचा.

चेटकीण_लेव्हल५:
हिट पॉइंटही जाणार आणि सेव्हही टाकायचा? दुहेरी शिक्षा. एक काहीतरी निवडा.

कंटाळलेला_डीएम:
सेव्ह निवडा. घुमटाचा वेगळा हिशोब ठेवायला नको. आणि शस्त्र, स्पेल अडतात म्हणता, पण ओगर चालत आत आला तर?

विसाचा_फासा:
अडणार, तेही लिहितो. सेव्ह नको. २८ च्या फायरबॉललाही डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १४च येतो, फासे साथ देत राहिले तर घुमट मिनिटभर हलणार नाही. हिट पॉइंट ३५ करतो. आतून मारणं ठेवणार, फार तर राउंडला एकच हल्ला.

आखूडबाण:
चौघांपैकी कुणाचा? आता ओगर बाजूला राहतील आणि पार्टीच आपसात भांडेल.