गावपाहणीची माहिती ऑनलाइन ठेवताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न: 640 कुटुंबांच्या पाहणीची एक्सेल फाइल आहे. इतर संशोधकांना आणि एम.ए.च्या वर्गाला वापरता यावी, पुढेही टिकावी. नावं आणि मोबाइल नंबर काढलेत. एवढं पुरे का?

उत्तर १: नाही. गाव, जात, वय आणि व्यवसाय एकत्र आले की माणूस लगेच ओळखू येतो. गावात एखाद्या जातीची दोनच घरं असतील तर नाव लागतच नाही. गावाऐवजी तालुका द्या, वयाचे पाच वर्षांचे गट करा, मग या रकान्यांच्या प्रत्येक जोडणीत किमान पाच कुटुंबं येतात का ते मोजा. कमी आली तर गट आणखी मोठे करा. आणि संमतिपत्र आधी वाचा: माहिती इतरांना देण्याबद्दल त्यात शब्द नसेल तर खुली फाइल नकोच, अर्ज करून मिळेल अशी ठेवा.

उत्तर २: एक्सेलसोबत यूटीएफ-8 सीएसव्ही (देवनागरी सांभाळणाऱ्या यूटीएफ-8 अक्षरसंकेतातली, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) द्याच. ती एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की देवनागरीचा अनेकदा कचरा होतो आणि 007 हा घरक्रमांक 7 होतो. त्याऐवजी डेटा टॅबमधून आयात करा, एन्कोडिंग 65001 (म्हणजे यूटीएफ-8) निवडा, क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहावर चढवलंत तर डीओआय (फाइलचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, दुरुस्त आवृत्तीलाही वेगळा.

उत्तर ३: कोडबुकशिवाय, म्हणजे रकान्यांचा आणि आकड्यांचा अर्थ सांगणाऱ्या यादीशिवाय, फाइल निरुपयोगी. वय 99 म्हणजे ‘उत्तर नाही’ हे लिहिलं नाही तर विद्यार्थी त्याचीही सरासरी काढतात. प्रश्नावली मूळ मराठीतच जोडा. नमुना असमान निवडला असेल तर भारांकांचा (कोणत्या कुटुंबाला हिशेबात किती वजन द्यायचं त्याचा) रकाना अजिबात काढू नका.