ट्रॅक्टरच्या सहा व्होल्टचे बारा करायचे की आधी केबल बदलायची?

सत्तरीचा शेतकरी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जुना फोर्ड एट-एन असेल तर डोळे झाकून बारा व्होल्ट करा, सहा म्हणजे भंगार." राहवलं नाही म्हणून लिहितो. १९४७ ते ५२ मधले हे ट्रॅक्टर अमेरिकेच्या थंडीत सहावर सुरू व्हायचे, मग इथे गोव्यात, वाळपईत का होत नाहीत? केबल! तेवढ्याच कामाला सहावर दुप्पट अँपियर, म्हणजे करंट, लागतात आणि आपण कारची बारीक केबल लावून मोकळे. अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर बाराला चालतं, सहाला सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नुसता कण्हतो. मी जाड केबल टाकली, अर्थिंगची जागा घासून चकचकीत केली, पहिल्या झटक्यात चालू.

म्हापशाहून: केबलचं बरोबर, पण सहाची मोठी बॅटरी कुठे मिळते सांगा? मी दोन दिवस फिरलो. बाराची कुठल्याही दुकानात आहे. आणि बाराला डायनॅमोच्या जागी बसतो तो अल्टरनेटर कमी रेसवरपण बॅटरी चार्ज करतो, डायनॅमो करत नाही, रात्री लाइट लावून नांगरा म्हणजे कळेल.

सत्तरीचा शेतकरी: हा ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला, हे मेकॅनिकला कोण सांगणार? आमच्या शेजाऱ्याने निगेटिव्ह अर्थचा अल्टरनेटर बसवला, बॅटरी जुन्या सवयीने उलटी, पॉझिटिव्ह अर्थच जोडली, अल्टरनेटरमधले डायोड गेले. इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल सहाचीच, करंट कमी करायला जादा रेझिस्टर नाही, ठिणगीचे पॉइंट जळले. ऐन सरदाच्या, पावसाळी भाताच्या, नांगरणीत चार दिवस ट्रॅक्टर पडून.

पेडण्याचा: मुळात खाजनात, खाडीकाठच्या सखल चिखलाच्या शेतात, एवढं जड धूड घालताच कशाला, रुतलं की काढायला दहा माणसं. पॉवर टिलर घ्या.

म्हापशाहून: विषय व्होल्टचा आहे.

पेडण्याचा: विषय शेताचाच आहे! आमच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या दाराची, फळी तुटली, खारं पाणी आत आलं, तीन वर्षं शेत पड आहे, कुणी विचारायला आलं नाही. आणि इथे डायोड मोजताय.

सत्तरीचा शेतकरी: तुमचं दुःख खरं, पण आमच्याकडे खाजन नाही हो. आजोबांनी घाटावरून सेकंडहँड आणलेला ट्रॅक्टर मी विकायचा का?

पेडण्याचा: विका कुठे म्हटलं मी? उगाच तोंडी घालू नका. अर्थिंगचं तेवढं मानतो, खाऱ्या वाऱ्यात माझ्या टिलरच्या लाइटचंपण तेच झालं, घासल्यावर लागली.

म्हापशाहून: मी बाराच ठेवणार. सेल्फ सहाचाच आहे, जोरात फिरतो, म्हणून पाच सेकंदांवर बटण दाबून धरत नाही.

सत्तरीचा शेतकरी: आणि केबल कुठली ठेवलीत?

म्हापशाहून: जुनीच. जाड होती, म्हणून काढली नाही.