बायपोलरच्या निदानाआधी घरच्यांना विचारणे बंधनकारक असावे का?

शनवारकरीण

माझा धाकटा भाऊ सहा वर्षे केवळ नैराश्याच्या गोळ्या घेत होता, आणि त्या काळात पुण्यातल्या ज्या दोन मानसोपचारतज्ज्ञांकडे तो गेला, त्यांच्यापैकी एकानेही घरच्या कोणाला आत बोलावले नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याने रात्री दोन वाजता माळ्यावरची सगळी तांब्यापितळेची भांडी खाली काढली आणि उजाडेपर्यंत चिंच-मीठ लावून घासली. सलग पाच दिवस दोन-अडीच तासांच्या झोपेवर तो ताजातवाना होता, बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते, आणि आई शेजारी सांगत होती, ‘आता कुठे पोर माणसात आलं.’ असे दिवस पूर्वीही येऊन गेले होते. आम्ही त्यांना बरे होणे समजत होतो. बायपोलर म्हणजे मनाला असे चढ आणि मग नैराश्याचे उतार आणणारा आजार. असा चढ किमान चार दिवस टिकला तर तो हायपोमॅनिया, म्हणजे सौम्य उन्माद, आणि आठवडाभर टिकून माणसाचा व्यवहार पार कोलमडला तर मॅनिया, म्हणजे उन्माद. चढाच्या दिवसांत कोणी डॉक्टरकडे जात नाही. जातो तो उताराच्या दिवसांत, आणि तेव्हाचे नैराश्य साध्या नैराश्यासारखेच दिसते. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्या दिल्यास कधी कधी त्यानेच मन उन्मादाकडे झुकते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की घरच्यांना विचारल्याशिवाय नैराश्य की बायपोलर हे ठरवूच नये.

कर्वे रस्ता

पूर्ण असहमत. माझ्या वडिलांनी डॉक्टरांना सांगितले, की मुलगी रात्र रात्र जागते, उलट बोलते, पैसे उडवते. मी प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत होते, आणि ठरलेले लग्न मोडून त्याच महिन्यात स्वतःच्या पगारातून लॅपटॉप घेतला होता. केसपेपरवर ‘उन्माद?’ असे लिहिले गेले आणि ते प्रश्नचिन्ह पुढच्या कागदावर गळून पडले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 3 मध्ये म्हटले आहे, की आपल्या समाजातल्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. घरची साक्ष बहुतेक वेळा नेमकी त्याच मूल्यांची असते.

शनवारकरीण

आपल्यावर झालेला अन्याय मी नाकारत नाही. पण रुग्णाला स्वतःला चढ हा आजार वाटतच नाही, ही अडचण आपण कशी सोडवणार? माझ्या भावाला ‘कधी फार उत्साही वाटले का’ असे विचारले, तर तो ‘छे, कधीच नाही’ म्हणेल, आणि ते त्याच्या लेखी खरेच असेल.

जुना कंपाउंडर

दोघींचेही अर्धे पटते. प्रश्न विचारण्यातच चूक होते. ‘झोप लागत नाही’ आणि ‘झोप नकोशी झाली’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे: पहिला माणूस सकाळी गळालेला असतो, दुसरा अंघोळ करून कामाला लागलेला. प्रबंधासाठी जागणारी व्यक्ती तो संपल्यावर दिवसभर झोपते. उन्मादातली झोपत नाही. नातेवाइकांकडून ‘उद्धट झाला’ हे घेऊ नये. किती वाजता उठला, काय खरेदी केले, किती दिवस चालले, एवढेच घ्यावे, आणि तेही रुग्णाच्या संमतीने. थायरॉइडचा रिपोर्ट आणि दुसऱ्या कशासाठी स्टिरॉइड चालू आहे का, हे दोन्ही त्याआधी पाहावे, कारण थायरॉइडच्या बिघाडानेही आणि स्टिरॉइडनेही असा चढ-उतार दिसू शकतो. ते राहून जाते, हे मी इतकी वर्षे काउंटरवरून पाहिले आहे.

कर्वे रस्ता

संमतीची अट असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला असा, की मला ‘किती दिवस’ असे कोणी विचारलेच नव्हते. वडिलांना मात्र वीस मिनिटे ऐकून घेतले. ज्याचे निदान करायचे त्याला आधी आणि एकट्याला ऐकावे, एवढे तरी बंधनकारक करा.

शनवारकरीण

आधी आणि एकट्याला, हे मान्य. मात्र त्यानंतर दार उघडावे. आम्ही सहा वर्षे बाहेरच्या बाकावर बसून होतो, आणि त्या भांड्यांची गोष्ट आमच्याजवळच राहिली.