पादेरेव्स्कीच्या वीस लाखांच्या नोटेबद्दल

भाऊ, धुळ्यात तुम्हाला कुणी पियानोवादक पादेरेव्स्कीची पोलिश नोट दाखवली, ती घ्यावी का असं तुम्ही विचारलंत आणि त्यावर एकाने 'वीस लाख झ्लॉटी, डोळे मिटून घ्या' असं लिहिलंय. जरा दमानं घ्या. १९९२ची ही नोट महागाईच्या काळातली. १९९५ मध्ये पोलंडने झ्लॉटी या आपल्या चलनातली चार शून्यं उडवली आणि वीस लाखांचे झाले नवे दोनशे. ते बदलून मिळण्याची मुदतही २०१० अखेर संपली. आता उरली ती फक्त संग्राहकाची किंमत.

मात्र क्रमांकाआधीचं अक्षर बघा. 'ए' मालिकेत 'संविधानात्मक' या अर्थाच्या पोलिश शब्दातला 'एन' गळालाय, पुढच्या छपाईत तो दुरुस्त झाला. चूक असलेल्या नोटेला जास्त मागणी. भिंग न्याच, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

माणूस मात्र नोटेवर यावा असाच. मैफली गाजवणारा हा कलावंत १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान होता! अमेरिकेने १९६० मध्ये त्याच्यावर ४ आणि ८ सेंटची टपाल तिकिटं काढली. बजेट कमी असेल तर तिथून सुरुवात करा, ती स्वस्तात मिळतात.

आणि घेतलीच तर कृपया लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे जळगावपासून नंदुरबारपर्यंत ही खोड आहेच, आजोबांच्या सातबाऱ्यापासून सगळं लॅमिनेट. पीव्हीसीचं पाकीटही नको, आपल्या उन्हाळ्यात ते चिकट होऊन कागदाला धरतं. पॉलिएस्टरचं घ्या, आणि कपाट गच्चीखालच्या भिंतीला नको.