खांद्याच्या दुर्बिणीतील शस्त्रक्रियेसाठी मोजसळई: खुणा किती बारीक असाव्यात?

रबाळे_टूलरूम
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचे लहान टूलरूम असून आजवर आम्ही प्रामुख्याने यंत्रभागांसाठी गेज बनवत आलो आहोत. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात ग्लेनॉइडच्या (दंडाच्या हाडाचे डोके ज्यात बसते त्या खोबणीच्या) पुढच्या कडेचे हाड किती झिजले आहे, हे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतानाच मोजता यावे यासाठी ठाण्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञांनी काटकोनी हुकाची, ३ मिमी व्यासाची सळई मागितली आहे. तिच्यावर लेझरने अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा कराव्यात असा विचार आहे. ते योग्य ठरेल का, आणि पोलाद कोणते घ्यावे?

खांदा_सर्जन_वाशी
अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा सलाइनमध्ये, पडद्यावर, एकमेकींत मिसळून दिसतील. १ मिमी पुरे. खरी चूक होते ती आरंभबिंदूपाशी. ग्लेनॉइडचा खालचा भाग आम्ही वर्तुळ मानतो, त्याच्या मध्याजवळ कूर्चा जिथे पातळ असते त्या जागेपासून मागच्या आणि पुढच्या कडेपर्यंतची अंतरे मोजतो, आणि दोहोंतील फरकाला मागच्या अंतराच्या दुपटीने भागतो. मागे १२ आणि पुढे ७ मिमी भरले, तर ५ भागिले २४, म्हणजे सुमारे २१ टक्के झीज झाली. टोक नुसते १ मिमी पुढे टेकले की तेच आकडे १३ आणि ६ होतात व उत्तर २७ टक्क्यांवर जाते. केवळ लॅब्रम (खोबणीच्या कडेची मऊ किनार) शिवून भागेल की लाटार्जे शस्त्रक्रियेने हाडाचा तुकडा बसवावा लागेल, हा प्रश्न साधारण २० ते २५ टक्क्यांच्या आसपासच उभा राहतो, त्यामुळे हा एक मिलिमीटर रुग्णाला फार महाग पडू शकतो. शिवाय ती पातळ जागा प्रत्येक खांद्यात नेमकी मध्यावर नसते. म्हणूनच मी निर्णय त्रिमितीय सीटी स्कॅनवरून घेतो आणि सळईने केवळ पडताळा पाहतो. सळई पृष्ठभागाला २० अंश तिरकी राहिली तर २४ मिमीच्या जागी सुमारे २५.५ वाचले जाते, तेही लक्षात असू द्या.

वागळे_इस्टेट_मशिनिस्ट
डॉक्टरसाहेबांच्या आरंभबिंदूच्या मुद्द्याला आमच्या बाजूची एक जोड देतो. आपल्या सळईचा शून्य नक्की कुठे आहे? हुकाने पुढची कड धरून मागे मोजायचे असेल, तर शून्य हुकाच्या आतल्या बाजूला हवा. टोक मध्याशी टेकवून मोजायचे असेल, तर तो टोकाच्या मध्यरेषेवर हवा. हुक दीड मिमी जाड असेल, तर दोन्ही वाचनांत पाऊण मिमीची तफावत पडते आणि ती सळईवर कुठेच दिसत नाही. दोन्ही कामे एकाच सळईकडून करून घेऊ नयेत असे माझे मत आहे.

खुणांच्या बारीक रेघांबरोबर ५ मिमीचे एकाआड एक काळे पट्टे घ्यावेत, म्हणजे टोक ऊतीआड गेले तरी मोजता येते. पृष्ठभाग चकचकीत ठेवू नये, दुर्बिणीच्या प्रकाशात रेघ दिसेनाशी होते. पोलाद १७-४ पीएच या जातीचे स्टेनलेस घ्यावे. ४२० जातीचे स्टेनलेस कडक होते, पण सलाइन आणि १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) फेऱ्यांत लेझरच्या खुणांपाशीच गंज धरते. खोल खोदलेली खूण तर टाळाच, तिच्यात ऊतीचे कण अडकतात.

नियमन_सल्लागार_बेलापूर
परवान्याचेही पाहून घ्यावे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालील अ वर्गातील (सर्वांत कमी जोखमीच्या) निर्जंतुक नसलेल्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे, पण ती मोजमाप न करणाऱ्यांपुरतीच. सळईवर आकडे आले की ती सूट जाते आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो.

रबाळे_टूलरूम
सर्वांचे आभार. परवान्याचा मुद्दा आम्हाला ठाऊकच नव्हता. ड्रॉइंग पक्के करण्याआधी तो मार्गी लावतो. आता दोन वेगळ्या सळया करू, एक हुकाची आणि एक सरळ टोकाची, आणि प्रत्येक सळईच्या मुठीवर शून्य कोणत्या बाजूचा ते कोरू. डॉक्टर, हुकाने लॅब्रम उचलून पाहताना हुकच वाकण्याची शक्यता किती असते? सळईसोबत २४ मिमीची पायरी असलेला एक तपासणी ठोकळा द्यावा असे वाटते.

खांदा_सर्जन_वाशी
वाकतो, आणि ते बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही. ठोकळा अवश्य द्या, मात्र तोही ऑटोक्लेव्हमध्ये टिकणारा असावा, म्हणजे टेबलावरच तपासता येईल.