एएन-३२ ला आता निरोप द्यायचा का?

गिरिविहारी
एएन-३२ हे मालवाहू विमान वायुसेनेत आलं १९८४ साली. चाळीस वर्षं उलटून गेली. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरात गडप झालं, आत २९ माणसं होती. अवशेषांचा पत्ता लागला जानेवारी २०२४ मध्ये, समुद्रात ३,४०० मीटर खोल. घरच्यांनी साडेसात वर्षं नुसती वाट पाहिली. मधल्या काळात, ३ जून २०१९ ला, आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलमधल्या मेचुकाला निघालेलं एक विमान डोंगरावर आदळलं, त्यात १३ जण गेले. त्याआधी २००९ मध्येही मेचुकाजवळच १३ गेले होते. मला वाटतं, आता याचं आयुष्य आणखी वाढवत बसू नये. सी-२९५ या नव्या मालवाहू विमानांची जादा मागणी नोंदवावी आणि ही विमानं टप्प्याटप्प्याने सेवेतून काढावीत.

जुना_एअरमन
माझी नोकरीतली बरीच वर्षं याच विमानाखाली गेली, त्यामुळे राहवलं नाही. हे विमान भारताच्या गरजेसाठी घडवलेलं आहे. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिनाचा दम जातो. म्हणून कीव्हच्या अंतोनोव्हवाल्यांनी आधीच्या एएन-२६ विमानाच्याच सांगाड्यावर जवळजवळ दुप्पट ताकदीची इंजिनं बसवली. इंजिनांचे फिरते पंखे (प्रोपेलर) एवढे मोठे झाले, की इंजिनं पंखांच्या वर चढवावी लागली. ३१ मे २००८ ला लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या १६,६१४ फुटांवरच्या कच्च्या पट्टीवर ४३ वर्षांनी विमान उतरलं, ते हेच.
आणि मेचुकाचं म्हणाल, तर नवं विमान घेतलं म्हणून दरी रुंद होत नाही. तिकडे ढगातच डोंगर असतो.

रेवा_पुणे
काका, तुमच्या अनुभवापुढे मी कोण! पण सुटे भाग कुठून आणणार? २००९ मध्ये १०५ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. काही तिकडे, उरलेली कानपूरच्या डेपोत करायची ठरली. २०१४ पासून तिकडे गडबड, २०२२ पासून तर उघड युद्ध. ज्या देशात विमान घडलं तोच पेटलेला असताना त्याच्यावर किती वर्षं विसंबायचं?

माधव_ना
गिरिविहारी, एक दुरुस्ती. सी-२९५ घेतली ती अॅव्रो या जुन्या मालवाहू विमानांच्या जागी, एएन-३२ च्या नाही. अॅव्रोला मागचा रॅम्पच (खाली उघडणारा उतार) नव्हता, सामान बाजूच्या दारातून कोंबायचं. २०२१ चा करार ५६ विमानांचा, २१,९३५ कोटींचा. १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार आली, ४० वडोदऱ्याला टाटांकडे बनणार. कारखाना उभाच आहे तर मागणी वाढवणं सोपं, हे मात्र पटतं. भारही एएन-३२ पेक्षा जास्त, सुमारे नऊ टन.

जुना_एअरमन
माधवराव, नऊ टन समुद्रसपाटीला. सी-२९५ चं एक इंजिन साधारण २,६०० अश्वशक्तीचं, एएन-३२ चं पाच हजारांच्या वर. लेहच्या उन्हात एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर डोंगर ओलांडायचा असतो. तो हिशेब कागदावरच्या टनांत बसत नाही.
बाकी, एएन-३२ चा रॅम्प पोटाखाली सरकवता येतो, ट्रक थेट मागे लावायचा. पहाटे लेहला असे कितीतरी ट्रक रिकामे केलेत. लोखंडाला उघडा हात लागला की कातडी चिकटायची. आत कॅनव्हासच्या बाकावर सुट्टीवर निघालेली पोरं कानात कापूस घालून बसलेली. कुरिअर, म्हणजे वायुसेनेची ही फेरी, सुटलं नाही तर त्यांची सुट्टी तिथेच बर्फात सरायची.

गिरिविहारी
काका, इंजिनांचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. पण मग डोंगरासाठी मोठं विमान घ्या ना! डिसेंबर २०२२ मध्येच वायुसेनेने १८ ते ३० टन भाराच्या विमानाबद्दल कंपन्यांकडे माहिती मागवली. २५ टनांचा झोरावर रणगाडा लडाखला न्यायचा, तर एएन-३२ त्याच्या जवळपासही येत नाही.

रेवा_पुणे
ते ठीक, पण माहिती मागवणं आणि विमान धावपट्टीवर उभं राहणं यात आपल्याकडे किती वर्षं जातात? अॅव्रोला पर्याय मिळेपर्यंत साठ वर्षं होत आली होती.

जुना_एअरमन
तेवढ्याचीच भीती आहे मला. पर्याय हातात येऊ द्या, एएन-३२ उतरवायला मी विरोध करणार नाही. आधी काढून मग शोधायला निघालो, तर थंडीत पुढच्या चौक्यांवर रॉकेल कोण टाकणार?